आम्ही आणि आपण : युरोपच्या विद्यापीठांत नागरिक कसा घडला

३० नोव्हेंबर १९२७ रोजी प्रशियातल्या विद्यापीठांमध्ये एक मतदान झाले. मतदार होते विद्यार्थी, आणि प्रश्न वरवर पाहता कारकुनी स्वरूपाचा होता. प्रत्येक विद्यापीठात विद्यार्थ्यांचे निवडून आलेले मंडळ असे. त्याला सरकारची मान्यता होती आणि विद्यार्थ्यांकडून सक्तीने वर्गणी घेण्याचा अधिकारही होता. या मंडळांचा देशव्यापी महासंघ म्हणजे ‘डॉइचे श्टुडेन्टेनशाफ्ट’. त्यात ऑस्ट्रियातल्या आणि चेकोस्लोव्हाकियातल्या जर्मन विद्यार्थ्यांची मंडळेही सामील होती, आणि ती ज्यू विद्यार्थ्यांना सभासद करून घेत नसत. प्रशियाचे शिक्षणमंत्री कार्ल हाइनरिश बेकर हे मूळचे इस्लामी विद्येचे अभ्यासक, वृत्तीने उदारमतवादी. त्यांनी मंडळांपुढे सरळ पर्याय ठेवला : सरकारी मान्यता हवी असेल तर वंशावरून सभासदत्व नाकारणाऱ्यांची संगत सोडा. मतदान करणाऱ्यांपैकी सुमारे ७७ टक्के विद्यार्थ्यांनी मंत्र्यांचे म्हणणे फेटाळून लावले. बेकरांनी मान्यता काढून घेतली.

ही घटना कधीची, ते पुन्हा पाहावे. हिटलर सत्तेवर यायला अजून पाच वर्षे होती. पुढच्याच मे महिन्यात राइशटागची निवडणूक झाली, तीत नाझी पक्षाला तीन टक्केसुद्धा मते मिळाली नाहीत. सामान्य जर्मन मतदार त्या पक्षाकडे ढुंकूनही पाहत नव्हता तेव्हा देशातली सर्वांत शिकलेली तरुण पिढी गुप्त मतदानाने, कुणाचीही जबरदस्ती नसताना, आपल्या शेजारच्या बाकावरच्या मुलाला ‘आपल्यातला’ मानायला नकार देत होती.

विद्यार्थ्यांच्या नागरिकतेविषयी युरोपात आज पुष्कळ संशोधन होते. प्रश्नावल्या भरून घेतल्या जातात, टक्केवाऱ्या निघतात. शिक्षण वाढले की मतदान वाढते, संस्थांच्या कामातला सहभाग वाढतो, परक्यांविषयीची सहिष्णुता वाढते, असा त्यांचा साधारण सूर असतो, आणि आजच्या युरोपापुरता तो खोटा नाही. पण १९२७ची ती मतपेटी या सुरात बसत नाही. तिथे सहभाग भरपूर होता. मंडळांच्या निवडणुका चुरशीने लढवल्या जात, सभा भरत, ठराव होत. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शोभावे असे सगळे काही तिथे होते. म्हणजे सार्वजनिक कामाची सवय ही एक गोष्ट झाली आणि त्या कामात आपण कुणाला धरतो ही दुसरी. मराठीला हा भेद समजावून सांगावा लागत नाही, कारण तो आपल्या सर्वनामांतच आहे. ‘आम्ही जाऊ’ म्हटले की ऐकणारा बाहेर राहतो आणि ‘आपण जाऊ’ म्हटले की तो आत येतो. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी या भाषा दोन्हींसाठी एकच शब्द वापरतात. युरोपातल्या विद्यार्थ्यांच्या दोनशे वर्षांच्या राजकारणाकडे या दोन सर्वनामांच्या मधून पाहिले तर बरेच काही दिसते.

सुरुवात वार्टबुर्गपासून करावी लागते. १८ ऑक्टोबर १८१७ रोजी आयझेनाख गावाजवळच्या त्या किल्ल्यावर निरनिराळ्या विद्यापीठांतले सुमारे पाचशे विद्यार्थी जमले. ल्यूथरच्या धर्मसुधारणेला तीनशे वर्षे होत होती आणि नेपोलियनचा लाइप्झिगला पराभव होऊन चार. येना विद्यापीठात दोन वर्षांपूर्वी, १८१५ मध्ये, ‘बुर्शेनशाफ्ट’ नावाची संघटना निघाली होती, तिने पुढाकार घेतला होता. तोपर्यंत विद्यार्थी आपापल्या प्रांतानुसार मंडळे करून राहत. सॅक्सनीच्यांचे वेगळे, वेस्टफालियाच्यांचे वेगळे. बुर्शेनशाफ्टने म्हटले, आपण सगळे जर्मन, आपले मंडळ एकच. काळा, लाल, सोनेरी हे तिचे रंग पुढे जर्मनीच्या राष्ट्रध्वजाचे रंग झाले. छत्तीस-अडतीस संस्थानांत विभागलेल्या प्रदेशात हे पाऊल खरोखर मोठे होते. संस्थानिकांच्या पदरी नोकरी करायला निघालेली मुले स्वतःला एका न जन्मलेल्या देशाचे नागरिक म्हणवू लागली होती.

पण त्याच रात्री किल्ल्यासमोरच्या टेकडीवर होळी पेटली. पुस्तके महाग असल्यामुळे रद्दीच्या गठ्ठ्यांवर पुस्तकांची नावे लिहून ते गठ्ठे आगीत टाकण्यात आले. त्यांच्याबरोबर सैनिकी गणवेशातला कमरपट्टा, जुन्या वळणाची केसांची वेणी आणि हवालदाराची छडी, ही जुलमाची प्रतीकेही जळली. नावांच्या यादीत नेपोलियनची कायदेसंहिता होती, नाटककार कोत्सेबूचा इतिहासग्रंथ होता आणि साउल आशर या बर्लिनच्या ज्यू लेखकाची ‘गेर्मानोमानी’ ही पुस्तिकाही होती. या नव्या जर्मनपणाच्या वेडात ज्यूंना जागा उरणार नाही, असे आशरने त्यात बजावले होते. त्याचे भाकीत खोटे ठरायला फार वाव मिळाला नाही. तीन वर्षांत बुर्शेनशाफ्टच्या प्रतिनिधींनी ज्यूंना सभासद न करण्याचा ठराव केला. प्रांताप्रांतांचे ‘आम्ही’ मोडून एक मोठे ‘आपण’ उभे राहिले आणि ते उभे राहताच त्याला कुंपण पडले.

पुढचे सर्वांना ठाऊक आहे. येनाच्या कार्ल झांड या धर्मशास्त्राच्या विद्यार्थ्याने मार्च १८१९ मध्ये मानहाइमला कोत्सेबूचा भोसकून खून केला. मेटरनिखला निमित्तच हवे होते. कार्ल्सबाडच्या हुकुमांनी बुर्शेनशाफ्टवर बंदी आली, वृत्तपत्रांवर सेन्सॉर आला आणि प्रत्येक विद्यापीठात सरकारचा एक डोळा कायमचा बसवला गेला. या पाळतीने विद्यार्थ्यांचे राजकारण संपले नाही, ते आत वळले.

आत म्हणजे कुठे? जर्मन विद्यापीठात नाव नोंदवले की विद्यार्थी ‘अकादमिक नागरिक’ होत असे. हा केवळ गौरवाचा शब्द नव्हता. त्याच्यावर गावाच्या पोलिसांची नव्हे, विद्यापीठाची हुकमत चाले, आणि दंगामस्ती केली तर शिक्षाही विद्यापीठाच्या स्वतःच्या कोठडीत भोगायची असे. हायडेलबर्गची अशी कोठडी १९१४ पर्यंत वापरात होती. तिच्या भिंती विद्यार्थ्यांनी काढलेल्या चित्रांनी, नावांनी आणि काळ्या छायाकृतींनी वरपासून खालपर्यंत भरलेल्या आहेत. कोठडीत एकदा तरी जाऊन येणे ही विद्यार्थिदशेची शोभा समजली जाई. (आपल्याकडच्या जुन्या वसतिगृहांच्या आठवणी वाचणाऱ्याला हा प्रकार फार परका वाटणार नाही.) मंडळात राहायचे, तिथेच जेवायचे, बिअर प्यायची, तलवारीचे द्वंद्व खेळून गालावर व्रण मिरवायचा, आणि शिकून बाहेर पडल्यावर त्याच मंडळाच्या वडीलधाऱ्यांच्या ओळखीने नोकरीला लागायचे. एका अर्थाने हे सार्वजनिक जीवनाचे उत्तम शिक्षण होते. सभा चालवणे, वचन पाळणे, एकमेकांसाठी धावून जाणे हे सगळे त्यात येई. मात्र ते ज्यांच्यासाठी करायचे ते लोक मंडळाच्या दारातच निवडलेले असत.

पहिल्या महायुद्धानंतर या जगावर अचानक गर्दी कोसळली. युद्धातून परतलेले, चलनफुगवट्याने धुऊन निघालेल्या मध्यमवर्गातले, आणि आता मुलीही. १९३१ मध्ये विद्यापीठांतली विद्यार्थिसंख्या लाखाच्या वर गेली. नोकऱ्या मात्र त्या मानाने नव्हत्या. दिवसा कारखान्यात किंवा खाणीत काम करून शिकणाऱ्या मुलांसाठी ‘वेर्कश्टुडेन्ट’ असा नवा शब्दच रूढ झाला. या हलाखीत विद्यार्थ्यांनी चांगली कामेही केली. खानावळी काढल्या, आजारी मुलांसाठी मदतनिधी उभारले. आजच्या जर्मन विद्यापीठांत दिसणारी स्वस्त जेवणाची ‘मेंझा’ त्याच धडपडीतून उभी राहिली. स्वावलंबन, सहकार्य, लोकशाही निवडणुका यांपैकी कशाचीच उणीव नव्हती. ती असती तर निष्कर्ष काढणे सोपे गेले असते.

हे समजायला प्राध्यापकांकडेही पाहावे लागते. जर्मन विद्यापीठाचा मोठा अभिमान असा की तिथे शिकवण्याचे आणि शिकण्याचे स्वातंत्र्य होते, आणि ते खरेही होते. परंतु प्रजासत्ताक हे पराभवाचे अपत्य आहे, पक्ष म्हणजे घाण, आणि विद्वानाने त्यापासून दूर राहावे, असे त्या प्राध्यापकांपैकी पुष्कळांना मनापासून वाटे. ‘आम्ही राजकारणात पडत नाही’ हे वाक्य विद्यार्थी वर्षानुवर्षे ऐकत होते. ऐकता ऐकता त्यांनी त्यातून एवढेच उचलले की संसद, पक्ष आणि निवडणूक या गोष्टी आदराला पात्र नाहीत. राष्ट्र, वंश, रक्त यांना मात्र कुणी राजकारण म्हणत नव्हते. त्यांना विज्ञान म्हणत.

इथे एक मराठी दुवा येतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. इरावती कर्वे १९२८ मध्ये बर्लिनला गेल्या. दाह्लेम इथल्या मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्राच्या संस्थेत ऑयगेन फिशर हे त्यांचे मार्गदर्शक होते. विषय होता मानवी कवटीच्या दोन बाजूंमधला असमानपणा. या असमानपणाचा वंशाशी संबंध आहे आणि त्यातून गोऱ्यांचे बौद्धिक श्रेष्ठत्व दिसते, अशी फिशर यांची अटकळ होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि असा काही संबंध दिसत नाही, असे लिहून दिले. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या लेखिकेची ही सुरुवात आपल्याकडे कौतुकाने सांगितली जाते. पण तिला लागून असलेली दुसरी बाजू क्वचितच सांगतात. त्याच इमारतीत, तीच मोजमापाची साधने हातात घेऊन बसलेल्या इतर विद्यार्थ्यांना वेगळे काही दिसायची फारशी गरज वाटत नव्हती, आणि १९३३ मध्ये फिशर बर्लिन विद्यापीठाचे कुलगुरू झाले. अभ्यासक्रम सर्वांसाठी एकच होता. जी मुलगी परक्या देशात, परक्या भाषेत, ‘त्यांच्या’ व्याख्येबाहेर उभी होती, तिला आकडे सरळ वाचता आले. एका उदाहरणावरून नियम करू नये हे खरे, पण उदाहरण विचार करायला लावणारे आहे.

१९२६ मध्ये नाझी विद्यार्थी संघ स्थापन झाला आणि १९२८ पासून बाल्डुर फोन शिराखने तो वाढवला. जुलै १९३१ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्रात्स इथे भरलेल्या अधिवेशनात सबंध महासंघाचे नेतृत्व या संघाकडे गेले. देशाच्या आधी दीड वर्ष विद्यापीठे पडली, तीही मतदानाने. म्हणूनच १० मे १९३३ची पुस्तकांची होळी सरकारने वरून लादली, असे म्हणता येत नाही. ‘जर्मनेतर वृत्तीविरुद्ध’ ही मोहीम विद्यार्थी महासंघाने आखली, पत्रके त्यांनी लावली, ग्रंथालयांतून पुस्तके त्यांनीच गोळा केली. बर्लिनमध्ये विद्यापीठासमोरच्या ऑपेरा चौकात सुमारे वीस हजार पुस्तके जळली. त्या रात्री पाऊस होता, म्हणून अग्निशामक दलाने पेट्रोल ओतून आग पेटती ठेवली. लेखक एरिश केस्टनर गर्दीत उभा राहून स्वतःची पुस्तके जळताना पाहत होता. गोबेल्स भाषणाला आला, पण तो पाहुणा म्हणून. वार्टबुर्गची आठवण सगळ्यांना होती. फरक एवढाच की या वेळी कागदाचे गठ्ठे नव्हते, खरी पुस्तके होती.

आता याच विद्यापीठांतून निघालेला दुसरा धागा पाहू, कारण एकट्या पहिल्या धाग्यावर थांबले तर चित्र अर्धेच राहील. म्युनिकच्या ‘श्वेत गुलाब’ गटाची गोष्ट मराठी वाचकाला ढोबळमानाने माहीत असते. हान्स आणि सोफी शोल, क्रिस्टोफ प्रोब्स्ट, अलेक्झांडर श्मोरेल, विली ग्राफ आणि प्राध्यापक कुर्ट हूबर. सहा पत्रके. १८ फेब्रुवारी १९४३ रोजी विद्यापीठाच्या इमारतीत पत्रके ठेवताना भाऊबहीण पकडले गेले आणि चार दिवसांत त्यांचा आणि प्रोब्स्टचा शिरच्छेद झाला. बाकीच्या तिघांनाही त्याच वर्षी मारण्यात आले. धैर्याची ही कहाणी सांगताना विद्यापीठ बहुधा पार्श्वभूमीला राहते. ते पुढे आणले की अस्वस्थ व्हायला होते. त्यांना पकडून देणारा विद्यापीठाचाच शिपाई होता. ज्या दिवशी शिक्षा अमलात आली त्याच दिवशी संध्याकाळी विद्यापीठात निष्ठा दाखवण्यासाठी सभा भरली आणि शेकडो विद्यार्थ्यांनी त्या शिपायाचा जयजयकार केला.

मग हे पाचजण कुठून आले? त्यांच्यापैकी बहुतेक वैद्यकाचे विद्यार्थी, सोफी जीवशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकणारी. अभ्यासात वेगळे काही नव्हते. हान्स आणि सोफी दोघेही आधी हिटलरच्या युवक-संघटनांमध्ये उत्साहाने गेलेले. पण घरात वडील होते. रॉबर्ट शोल हे एका लहान गावाचे माजी महापौर, आणि हिटलरविषयी कचेरीत बोललेल्या एका वाक्यासाठी १९४२ मध्ये तुरुंगात गेलेले. हान्सने बंदी घातलेल्या युवक-मंडळांशी संबंध ठेवल्याबद्दल आधीच अटक सोसली होती. ग्राफ कॅथलिक मुलांच्या मंडळात वाढला आणि हिटलर युवक-संघात गेला नाही. श्मोरेलची आई रशियन. ती लवकर वारली आणि त्याला एका रशियन दाईने वाढवले. १९४२च्या उन्हाळ्यात हान्स, श्मोरेल आणि ग्राफ यांना वैद्यकीय मदतनीस म्हणून रशियाच्या आघाडीवर पाठवले गेले. सरकार ज्यांना हीन म्हणत होते त्या माणसांच्या घरांत श्मोरेल आपल्या मित्रांना घेऊन जाई आणि त्यांच्याशी त्यांच्या भाषेत बोले. इतरांसाठी ‘ते’ असलेली माणसे या मुलांसाठी तेव्हा चेहऱ्यांची आणि नावांची झाली. विद्यापीठाने त्यांना काय दिले? हूबरची तत्त्वज्ञानाची व्याख्याने, आणि व्याख्यानानंतर कुणाच्या तरी खोलीवर बसून केलेले वाचन. म्हणजे विद्यापीठाच्या सांदीकोपऱ्यात उरलेली थोडीशी जागा. सहावे पत्रक हूबरने लिहिले आणि त्यात हाक मारली ती सहाध्यायांना, मुलींना आणि मुलांना दोघांनाही. म्युनिकमध्ये त्या हाकेला ओ आली नाही. पत्रक चोरवाटेने इंग्लंडला पोहोचले आणि त्याच उन्हाळ्यात ब्रिटिश विमानांनी त्याच्या प्रती जर्मनीवर टाकल्या.

युद्धानंतर पश्चिम जर्मनीत विद्यापीठे पुन्हा सुरू झाली ती पुष्कळशी त्याच प्राध्यापकांनिशी. ९ नोव्हेंबर १९६७ रोजी हॅम्बुर्गमध्ये नव्या कुलगुरूंच्या समारंभात दोन विद्यार्थी मिरवणुकीपुढे फलक घेऊन चालू लागले. झग्यांखाली हजार वर्षांचा कुबट वास आहे, अशा अर्थाचा मजकूर होता. हजार वर्षांचा म्हणजे कोणत्या राज्याचा, हे सगळ्यांना कळले. तेव्हा नाझी पक्षाचा जुना सभासद असलेला एक प्राध्यापक ओरडला की या सगळ्यांना छळछावणीत टाकले पाहिजे. १९६८च्या बंडाची कारणे व्हिएतनाम, पॅरिस, मार्क्यूज अशी सांगतात, आणि ती आहेतच. तरी जर्मनीपुरते बोलायचे तर बापाला विचारलेला ‘तुम्ही तेव्हा कुठे होता?’ हा प्रश्न त्या सगळ्यांहून जुना होता.

आठवण नागरिक घडवते, हे म्हणायला मात्र प्रागपेक्षा चांगले ठिकाण नाही. २८ ऑक्टोबर १९३९ हा चेकोस्लोव्हाकियाचा स्थापनादिन. जर्मनव्याप्त प्रागमध्ये त्या दिवशी निदर्शने झाली आणि गोळीबारात यान ओप्लेताल हा वैद्यकाचा विद्यार्थी जखमी होऊन पुढे वारला. अल्बर्टोव्ह भागातून निघालेली त्याची अंत्ययात्राच निदर्शन झाली. १७ नोव्हेंबरला पहाटे जर्मनांनी वसतिगृहांवर छापे घातले. विद्यार्थी संघटनांशी संबंधित नऊ जणांना गोळ्या घातल्या, सुमारे बाराशे विद्यार्थ्यांना साक्सेनहाउझेनच्या छळछावणीत धाडले आणि चेक विद्यापीठे बंद केली. तीन वर्षांसाठी असे जाहीर झाले, पण ती उघडली युद्ध संपल्यावरच. दोन वर्षांनी लंडनमध्ये निर्वासित विद्यार्थ्यांनी हा दिवस जागतिक विद्यार्थी दिन म्हणून घोषित केला.

पुढे कम्युनिस्ट राजवट आली. तिने पुष्कळ गोष्टी विसरायला लावल्या. यान पालाख या तत्त्वज्ञान विद्याशाखेच्या विद्यार्थ्याने जानेवारी १९६९ मध्ये सोव्हिएत आक्रमणानंतरच्या मरगळीविरुद्ध स्वतःला पेटवून घेतले होते, त्याचे नाव घेणेही अवघड करून ठेवले. पण १७ नोव्हेंबर त्यांना पुसता येईना, कारण तो फॅसिझमविरुद्धचा दिवस आणि फॅसिझमविरोध हीच तर राजवटीची प्रतिष्ठा! म्हणून १९८९ मध्ये त्या घटनेला पन्नास वर्षे झाली तेव्हा सरकारमान्य युवक-संघटनेच्या शाखा आणि स्वतंत्र विद्यार्थी यांनी मिळून मागितलेल्या मोर्चाला परवानगी मिळाली. मोर्चा अल्बर्टोव्हहूनच निघाला, पन्नास वर्षांपूर्वी ओप्लेतालची शवपेटी जिथून निघाली होती तिथून. व्हिशेहराडच्या दफनभूमीत कार्यक्रम संपला, पण लोक घरी गेले नाहीत. ते शहराकडे वळले. नारोदनी रस्त्यावर पोलिसांनी त्यांना कोंडून मारले. एक विद्यार्थी ठार झाल्याची बातमी पसरली. ती खोटी होती, पण तोवर तिने आपले काम केले होते.

दुसऱ्या दिवशी नाट्यविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी संप पुकारला आणि नाट्यगृहे त्यांच्यामागे उभी राहिली. पडदा वर जाई, नट पुढे येत आणि नाटकाऐवजी विद्यार्थ्यांचे निवेदन वाचून दाखवत. त्यानंतरचे दहा दिवस मला चौकातल्या लाखोंच्या सभांपेक्षा महत्त्वाचे वाटतात. विद्यार्थी संपाच्या काळात विद्याशाखांमध्येच राहत, झोपत, तिथेच पत्रके छापत आणि तिथून बसने, रेल्वेने कारखान्यांत आणि खाणींत जात. राजवटीचा सगळा भर ‘हे प्रागचे लाडावलेले पोरटे आणि तुम्ही कष्टकरी’ या भेदावर होता. तो भेद फाटकाशी उभे राहून, बोलून, कधी हाकलले जाऊन पुन्हा जाऊन मोडायचा होता. २७ नोव्हेंबरला दुपारी बारा वाजता देशभर दोन तासांचा सार्वत्रिक संप झाला, त्यात कामगार होते. विद्यार्थ्यांनी आपला संप २९ डिसेंबरला हावेल राष्ट्राध्यक्ष होईपर्यंत चालू ठेवला.

या दहा दिवसांचे शिक्षण कोणत्या अभ्यासक्रमात होते? मार्क्सवाद-लेनिनवादाचा विषय तर प्रत्येकाला सक्तीचा होता.

एकत्र येणाऱ्या युरोपने पुढे नागरिक घडवण्याचा वेगळा मार्ग धरला : मुलांना एकमेकांच्या देशांत पाठवायचे. इरॅस्मस योजना १९८७ मध्ये ११ देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली आणि पुढे लाखोंनी तिचा लाभ घेतला. परदेशी राहून आलेला विद्यार्थी युरोपला आपले मानू लागतो, हा तिच्यामागचा विश्वास. तो तपासून पाहणाऱ्यांमध्ये एकमत नाही. इमॅन्युएल सिगालास आणि इयान विल्सन यांच्या २०१०-११च्या सुमाराच्या अभ्यासांतून तसा ठोस परिणाम दिसला नाही. जाणारी मुले बहुधा आधीपासूनच युरोपच्या बाजूची असतात, हा विल्सन यांचा मुद्दा. क्रिस्टिन मिचेल यांना मात्र परिणाम आढळला. माझे मत विचाराल तर या वादात एक गोष्ट निसटते. परदेशी गेलेली मुले तिथे बहुतेकदा इतर परदेशी मुलांबरोबरच राहतात. हे ‘आपण’ मोठे आनंदाचे असते, पण त्याला कुणाशी भांडून काही ठरवावे लागत नाही. ठरवण्याची जबाबदारी नसेल तर मैत्री होते. नागरिकता होतेच असे नाही.

ठरवण्याची पद्धत कशी असावी याचा सर्वांत धाडसी प्रयोग अलीकडे झाला तो युरोपच्या एका दुर्लक्षित कोपऱ्यात. २००९च्या वसंतात झाग्रेबच्या तत्त्वज्ञान विद्याशाखेत विद्यार्थ्यांनी मोफत शिक्षणासाठी सुमारे पस्तीस दिवस ठिय्या दिला. नेता नव्हता. रोज संध्याकाळी ‘प्लेनम’, म्हणजे सर्वसभा भरे. सभेचा संचालक दर वेळी नवा, वृत्तपत्रांशी बोलणाराही नवा, म्हणजे कुणाचा चेहरा चळवळीचा चेहरा होऊ नये. सभेत कुणीही यावे, बोलावे, हात वर करावा. विद्यार्थी असण्याचीही अट नव्हती. नंतर त्यांनी या सगळ्याची एक पुस्तिका लिहिली आणि तिला नाव दिले ‘ठिय्याची पाककृती’ अशा अर्थाचे. किती माणसे लागतात, इतिवृत्त कसे ठेवायचे, ठरलेले काम कुणाच्या गळ्यात बांधायचे, असा तिचा कारभार.

ती पाककृती पंधरा वर्षांनी सर्बियात उपयोगी पडली. १ नोव्हेंबर २०२४ रोजी नोव्ही साद शहरात, नुकत्याच नूतनीकरण झालेल्या रेल्वे स्थानकाचे काँक्रीटचे छत कोसळले. त्या दिवशी चौदा जण गेले आणि पुढे हा आकडा सोळावर गेला. लोक रस्त्यावर मूकपणे उभे राहून मृतांना आदरांजली वाहू लागले. २२ नोव्हेंबरला बेलग्रेडच्या नाट्यकला विद्याशाखेचे विद्यार्थी असे उभे असताना त्यांच्यावर हल्ला झाला. तीन दिवसांनी त्यांनी विद्याशाखा बंद पाडली आणि काही आठवड्यांत देशातल्या पन्नासहून अधिक विद्याशाखा बंद झाल्या. (पहिली ठिणगी प्रागप्रमाणे इथेही नाटकवाल्यांचीच, हा योगायोग असेल. पण एकत्र तालीम करायची सवय असलेल्यांना एकत्र निर्णय घेणे सोपे जात असावे, असे वाटते खरे.) मागण्या चार आणि चारही अगदी कोरड्या. त्यातली पहिली, स्थानकाच्या बांधकामाची सगळी कागदपत्रे जाहीर करा. राजीनामा मागितलेला नव्हता, तरी जानेवारीअखेर पंतप्रधानांनी तो जाहीर केला.

या चळवळीचे प्लेनम झाग्रेबपेक्षा बंदिस्त होते. आपल्या विद्याशाखेच्या विद्यार्थ्यांपुरतेच. म्हणजे सुरुवात ‘आम्ही’पासून. त्याला कारणही होते : पक्षांची घुसखोरी टाळायची होती. परंतु जानेवारीच्या अखेरीस विद्यार्थी बेलग्रेडहून नोव्ही सादला ऐंशी किलोमीटर पायी निघाले. वाटेवरच्या गावांत लोक जेवण घेऊन रस्त्याच्या कडेला थांबले होते. मार्चमध्ये विद्यार्थ्यांनी नागरिकांना आवाहन केले की तुमच्या गावात, तुमच्या वस्तीत अशाच सभा भरवा, आमच्याकडे पाहत बसू नका.

१२ एप्रिल २०२५ रोजी ते नोव्ही पाझारला जमले. हे देशाच्या नैर्ऋत्येचे शहर, बहुसंख्य वस्ती बोस्नियाक मुसलमानांची. १९९०च्या दशकातल्या युद्धांनंतर बेलग्रेडच्या वर्तमानपत्रांत त्याचे नाव संशयानेच यायचे. तिथल्या शासकीय विद्यापीठाचे विद्यार्थी आधीपासून चळवळीत होते. आता बेलग्रेड, नोव्ही साद, निश इथली मुले त्यांच्याकडे गेली आणि शहराने त्यांचे स्वागत केले. त्याच दिवसांत राजधानीत राष्ट्राध्यक्षांच्या समर्थकांचा मेळावा चालू होता.

अडीच महिन्यांनी, २८ जूनला, विद्यार्थ्यांनी बेलग्रेडला मोठी सभा घेतली. त्या दिवशी व्हिदोव्हदान होता, १३८९च्या कोसोव्होच्या लढाईचा स्मृतिदिन, सर्ब राष्ट्राभिमानाचा सर्वांत भारलेला दिवस. व्यासपीठावरून झालेल्या काही भाषणांत राष्ट्रवादी सूर उमटला आणि चळवळीच्या मित्रांनीच त्यावर टीका केली. नोव्ही पाझारहून आलेली मुले त्या भाषणांच्या ‘आपण’मध्ये होती की नव्हती, हा वाद त्या रात्रीपासून चळवळीत सुरू झाला.